कोटेशनचे रकाने

मी सांगलीत गाड्यांच्या एका शोरूममध्ये आरटीओ आणि इन्शुरन्सचं टेबल सांभाळते. मालकांकडे आधी पेट्रोल दुचाकींची एजन्सी होती, मग चारचाकी आल्या आणि २०२१ नंतर चार्जिंगच्या गाड्या. गाडीवर बसून, रंग ठरवून, घरच्यांना फोटो पाठवून झाले की गिऱ्हाईक शेवटी माझ्यासमोर येऊन बसतं, हातात कोटेशन घेऊन. स्वच्छ गाड्यांसाठी दिल्ली-मुंबईत जी धोरणं ठरतात, त्यांची माझ्या टेबलावर एकेक ओळ होते. त्या ओळींवर बोट ठेवून लोक काय विचारतात, कुठे अडतात आणि कुठे ‘असू दे’ म्हणून पुढे जातात, ते बघत बघत काही गोष्टी पक्क्या झाल्या.

१. लोक बेरीज वाचतात, रकाने नाही.

एक्स-शोरूम, वाहन कर, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि सगळ्यांच्या खाली ऑन-रोड. बहुतेकांची नजर थेट तळाला जाते. खरं तर तेही नको असतं. “म्हैन्याला किती बसंल तेवढं सांगा ताई, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.” म्हणून पेपरात गाजणारी सबसिडी वेगळी आणि हप्ता खाली आणणारी सवलत वेगळी, हे माझ्या लवकर लक्षात आलं.

इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेत घरच्या वापराच्या चारचाकीला एक रुपया नव्हता, फक्त टॅक्सी-भाड्याच्या गाड्यांना होता. तरी चारचाकीवाल्यांचा मोठा फायदा झाला, तो राज्याच्या वाहन करात. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के कर, डिझेलला १४. म्हणजे १५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १ लाख ८० हजार, डिझेलवर २ लाख १० हजार. इलेक्ट्रिकच्या रकान्यात शून्य. दुचाकीचंही तसंच. लाखभराच्या सव्वाशे सीसी स्कूटरला ११ टक्क्यांनी ११ हजार कर लागतो. एप्रिल २०२४ पासून वर्षभर चार्जिंगच्या स्कूटरला केंद्राकडून जास्तीत जास्त मिळत होते १० हजार. त्या १० हजारांचे बॅनर लागले, करमाफीचा एकही लागला नाही. शून्याचा फोटो काय काढणार?

२. सबसिडी कमी करा, पण आधी सांगून करा.

केंद्राची सबसिडी बॅटरीच्या क्षमतेवर मिळायची, दर किलोवॅट-तासाला इतके रुपये. आम्ही त्याला सरळ ‘युनिट’ म्हणतो. तीन युनिटची, कारखान्यातून १ लाख २० हजारांना बाहेर पडणारी स्कूटर धरा. जून २०२१ पासून युनिटला १५ हजार आणि किमतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ४५ हजार. १ जून २०२३ पासून युनिटला १० हजार, पण मर्यादा १५ टक्क्यांवर आली, म्हणजे १८ हजार. एप्रिल २०२४ पासून युनिटला ५ हजार, वर १० हजारांचं झाकण. एप्रिल २०२५ पासून अडीच हजार, झाकण ५ हजारांचं. चार वर्षांत ४५ चे ५ झाले.

उतरण लावण्यात माझ्या मते काही वावगं नाही. गाड्या वाढल्या, कंपन्या वाढल्या, सरकारने जन्मभर पैसे का द्यावेत? फरक पडतो तो सांगण्याच्या पद्धतीने. २०२३ ची कपात मे महिन्याच्या १९ तारखेला निघाली आणि जूनच्या पहिल्या तारखेला लागू झाली. मधल्या दिवसांत आमच्याकडे जत्रा. रंग कुठलाही द्या, मॉडेल कुठलंही द्या, बिल या महिन्यातलं पाहिजे. देशभरात त्या मेमध्ये लाखाच्या वर इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी झाली आणि जूनमध्ये आकडा निम्म्याच्याही खाली घसरला. घाईत गाडी घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी चार्जिंगचा पॉइंट नव्हता, ते नंतर फोन करून विचारायला लागले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही केंद्राची पुढची योजना आली, तेव्हा पुढच्या आर्थिक वर्षात रक्कम निम्मी होणार हे पहिल्याच दिवसापासून लिहिलेलं होतं. तो एप्रिल आमच्याकडे कधी आला आणि गेला, कळलंसुद्धा नाही.

३. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आमचं पाडव्याला सुरू होतं.

हे मुंबईत बसून ध्यानात येत नसावं. राज्याने जुलै २०२१ मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं. दुचाकीला युनिटमागे ५ हजार, जास्तीत जास्त १० हजार, आणि लवकर घेणाऱ्यांना वरून जादा सवलत. ‘लवकर’ची मुदत होती ३१ डिसेंबर. आता आमच्या भागात डिसेंबरमध्ये पैसा कुणाकडे असतो? ऊस तोडून कारखान्याला जात असतो, बिल यायचं असतं. द्राक्षाची बाग अजून छाटणी-फवारणीचा पैसा खात असते. दसऱ्याला नोकरदार गाडी घेतो, शेतकरी घेतो ती बिल हातात आल्यावर, आणि जमलं तर पाडव्याला.

मुदत पुढे वाढली, ३१ मार्च २०२२. त्या वर्षी गुढीपाडवा होता २ एप्रिलला.

दोन दिवसांचा फरक. तासगावकडच्या एका बागायतदाराच्या घरची मंडळी आली होती. मुलाला सवलत सोडायची नव्हती, आईला पाडवा सोडायचा नव्हता. “कागदं आजच करा, गाडी गोडाऊनलाच राहू दे, आम्ही पाडव्याला सकाळी येऊन नेतो,” असा तोडगा त्या माउलीने स्वतःच काढला. मग तसंच केलं आणि बघता बघता तशा गाड्यांची रांग लागली. पासिंग झालेल्या, इन्शुरन्स चालू झालेल्या, पण एक किलोमीटरही न धावलेल्या गाड्या, आणि प्रत्येकीच्या हँडलला नावाची चिठ्ठी. पाडव्याला हार-नारळ घेऊन एकदम सगळे आले, तेव्हा कुणाची गाडी कुठली हे शोधण्यात आमच्या पोरांचा घाम निघाला.

उलट गोष्टही सांगायला हवी. २०२५ मध्ये जीएसटी कमी होणार असं पंधरा ऑगस्टच्या भाषणात जाहीर झालं. त्या दिवसापासून पेट्रोल गाड्यांचं गिऱ्हाईक थांबलं. गणपतीचा सगळा सीझन “कधी उतरणार हो?” या एका प्रश्नात गेला. ३ सप्टेंबरला दर ठरले, लागू झाले २२ सप्टेंबरला. मधे पितृपक्ष होता, त्यात तसंही कुणी गाडी घेत नाही. आणि २२ तारखेला घटस्थापना. दिल्लीत कुणी पंचांग उघडलं होतं की नुसता योग जुळला, देव जाणे. पण असा मुहूर्त साधलेला कर मी पहिल्यांदाच पाहिला.

मुदतवाढीने लोकांना एक वाईट सवय लागली. ‘फेम-२’ तीन वर्षांची होती, ती मार्च २०२४ पर्यंत लांबली. तिच्यानंतरची चार महिन्यांची योजना जुलैत संपायची, ती सप्टेंबरपर्यंत गेली. मग शेवटची तारीख सांगितली की लोक हसतात, “वाढिवत्यात ओ.” ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ई-ड्राइव्ह’ मार्च २०२८ पर्यंत वाढली खरी, पण दुचाकी आणि तीनचाकीची सवलत मार्च २०२६ च्या पुढे जाणार नाही, असं त्याच कागदात लिहिलं. ते कलम मी गिऱ्हाइकाला बोट ठेवून वाचून दाखवायचे. तरी विश्वास बसायचा नाही.

४. बिलात वजा झाली तर सवलत, नंतर येणार असेल तर आश्वासन.

पीएम ई-ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाच्या आधारशी त्याचा चेहरा जुळवायचे, मग ई-व्हाउचर निघायचं. एका आधारवर एक गाडी. कागदावर सोपं होतं. एकदा एक आजोबा नातवासाठी गाडी घ्यायला आले, कर्ज त्यांच्याच नावावर. ॲप त्यांचा चेहरा घेईना. “आजोबा, टोपी काढा.” चारचौघांत टोपी काढायला त्यांना जड गेलं, पण काढली. तरी नाही. शोरूमच्या काचेतून उजेड पाठीवर येत होता, म्हणून बाहेर पानटपरीशेजारी उन्हात उभं केलं. आता ॲप म्हणतं डोळे मिचकावा. आजोबा एकच डोळा मिचकावतात आणि नातू हसतो. शेवटी जमलं. तर व्हाउचरचा मेसेज गेला आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो फोन मुलाकडे, मुलगा हडपसरला कंपनीत, पहिल्या पाळीत. त्याची जेवणाची सुट्टी होईपर्यंत आम्ही सगळे चहा पीत बसलो.

एवढं करूनही ही पद्धत मला आवडते. कारण रक्कम तिथल्या तिथे बिलातून वजा व्हायची, कंपनी नंतर सरकारकडून वसूल करायची. आजोबा गेले ते पक्का आकडा घेऊन.

याच्या उलट, एका कंपनीने मधे काही काळ राज्याची सवलत बिलात न देता “सरकारकडून आली की तुमच्या खात्यात टाकू” असं सुरू केलं. रक्कम तेवढीच. पण माझ्याकडे तेव्हा बाजारच्या दिवशी माणसं डोकावायची, “माझं आलं का ओ?” अशांच्या शेजारपाजारचं कुणी नंतर चार्जिंगची गाडी बघायला आलं नाही.

आयकरातल्या ८०ईईबी कलमाचंही असंच. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट, कर्ज मात्र १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ च्या दरम्यान मंजूर झालेलं हवं. शिवाय नव्या कररचनेत ती मिळत नाही. या कलमामुळे पेट्रोल सोडून इलेक्ट्रिक घेतली असं म्हणणारं एकच गिऱ्हाईक मला आठवतं आणि ते स्वतः सीए होते.

५. कागदपत्रांतून सुटका ही पैशापेक्षा मोठी लालूच आहे.

ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, २५० वॅटपर्यंत मोटरची छोटी स्कूटर. तिला रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. सबसिडीही नाही. तरी ती खपते. क्लासला जाणाऱ्या मुली, देवळात जाणारे निवृत्त मास्तर, भाजीवाल्या मावशी. “पासिंगची भानगड नाय न्हवं?” हा पहिला प्रश्न, किंमत दुसरा. लबाडीही इथेच शिरली. मोटरची ताकद गुपचूप वाढवून पन्नासच्या वेगाने पळणाऱ्या गाड्या बिनपासिंगच्या म्हणून विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा मे २०२२ मध्ये परिवहन खात्याला कारवाईचं पत्रक काढावं लागलं. पण लोकांना नेमकं काय हवं आहे, ते या गाडीने जितकं दाखवलं तितकं कुठल्या धोरणाने नाही.

६. दंड म्हातारीला आणि कर गरिबाला.

आता उलट्या बाजूकडे येऊ. स्वच्छ गाडीला सवलत तशी जुन्या गाडीला कर. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी करताना पर्यावरण कर भरावा लागतो. मी ज्या दराने पावत्या फाडल्या आहेत ते दर असे: पाच वर्षांसाठी दुचाकीला २ हजार, पेट्रोल चारचाकीला ३ हजार, डिझेलला साडेतीन हजार. दुचाकीचा हिशेब केला तर दिवसाला जेमतेम एक रुपया. एका रुपयासाठी कोण गाडी बदलेल? ज्याला परवडतं तो मुकाट भरतो आणि गाडी पुढे पाच वर्षं धूर सोडत फिरते.

ज्याला परवडत नाही, त्याचं खरं दुखणं. एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीच्या पुनर्नोंदणीची फी ३०० ची १ हजार झाली, चारचाकीची ६०० ची ५ हजार. आणि उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये, इतर गाड्यांना ५००. वाळव्याकडे, जतकडे, कवठेमहांकाळकडे वस्तीवर अशा कितीतरी मोटरसायकली आहेत ज्या फक्त दूध घालायला आणि रानात जायला वापरतात. नोंदणी संपली हे मालकाला माहीतच नसतं. तीन वर्षांनी कुणीतरी सांगतं तेव्हा नुसता उशिराचा भुर्दंड होतो १० हजार ८००. भंगारात त्या गाडीचे तेवढे येणार नाहीत. मग तो काय करतो? आरटीओकडे फिरकतच नाही. गाडी कागदावरून गायब होते, रस्त्यावर मात्र धावत राहते, बिनइन्शुरन्स, बिनपीयूसी. सरकारला ना कर मिळाला ना हवा स्वच्छ झाली.

यावर उपाय म्हणून मोडीत काढण्याची योजना आली. नोंदणीकृत केंद्रात जुनी गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या वाहन करात सूट घेता येते. केंद्राच्या नियमात तिची कमाल २५ टक्के आहे. शिवाय नव्या गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ. कल्पना छान. एक शिक्षिका आपली जुनी गाडी मोडीत काढून इलेक्ट्रिक घ्यायची म्हणून हौसेने माहिती विचारायला आल्या. मी कॅल्क्युलेटर ओढला आणि थांबले. इलेक्ट्रिकला वाहन कर शून्य. शून्याचे २५ टक्के किती? रजिस्ट्रेशन फीसुद्धा इलेक्ट्रिकला २०२१ पासून माफच आहे. म्हणजे जुनी मोडून पेट्रोल घेतली तर प्रमाणपत्राचे पैसे होतात, इलेक्ट्रिक घेतली तर तो कागद फ्रेम करून लावायचा. दोन खात्यांनी दोन चांगल्या सवलती दिल्या आणि ज्या माणसाने दोन्ही चांगली कामं केली, त्याच्या हातावर काहीच ठेवलं नाही.

७. सीएनजीवाल्याला विचारा, तो सांगेल कर आणि भाव यांत मोठा कोण.

१ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोमागे ६ रुपये उतरले. आठवडा व्हायच्या आत ७ रुपये चढले आणि पुढच्या आठवड्यात आणखी ५. गॅस जगाच्या बाजारात महाग झाला होता, त्यापुढे व्हॅटचं काही चाललं नाही. चारचाकीच्या वाहन करातही सीएनजीला पेट्रोलपेक्षा सूट आहे, ७ ते ९ टक्के लागायचे. जुलै २०२५ पासून एक टक्का वाढला. तो टक्का कुणाला टोचल्याचं मी पाहिलं नाही. पंपावरची रांग टोचते.

८. पेट्रोल स्वस्त झालं की इलेक्ट्रिक आपोआप महाग होते.

सवलत ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. २०१९ च्या ऑगस्टपासून इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के जीएसटी आहे. पेट्रोल दुचाकीला २८ होता. अंतर २३ टक्क्यांचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी १८ झाला आणि अंतर १३ वर आलं. ८० हजार मूळ किमतीच्या स्कूटरवर आधी २२ हजार ४०० कर होता, आता १४ हजार ४००. गिऱ्हाइकाचे ८ हजार वाचले. छोट्या पेट्रोल कारवर सेस धरून २९ टक्के लागायचे, तेही १८ झाले. मूळ किंमत ६ लाख असेल तर ६६ हजारांचा फरक.

मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, मी त्याला नावं ठेवत नाही. माझ्या बहिणीनेही त्याच नवरात्रात पेट्रोल कार घेतली. पण इलेक्ट्रिकच्या धोरणातला एक शब्दही न बदलता इलेक्ट्रिकची निम्मी गंमत गेली, हे त्या दिवसांत माझ्या टेबलावर स्पष्ट दिसत होतं. दोन कोटेशनं शेजारी ठेवून बघणारी माणसं पेट्रोलच्या कागदाकडे झुकायला लागली.

नॉर्वेचं नाव सगळे घेतात, २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी दहांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक. लोकांना वाटतं त्यांनी पैसे वाटले. त्यांनी मुख्यतः कर माफ केला. पेट्रोल गाडीवर वजन आणि धूर बघून जबरदस्त खरेदी कर, वर २५ टक्के व्हॅट, आणि इलेक्ट्रिकला दोन्हींतून सूट दिली. ज्या खांबाला टेकून सवलत उभी आहे तो खांब तिथे उंच ठेवला. आणि गाड्या भरपूर झाल्यावर २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर इलेक्ट्रिकलाही व्हॅट लावला. आपल्याला पेट्रोल गाडीवर इतका कर झेपणार नाही, निवडणुका असतात.

९. तीस लाखांच्या गाडीला माफी कशाला?

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के वाहन कर सुचवला होता. ओरड झाली आणि महिन्याच्या आतच तो मागे घेतला गेला. मला विचाराल तर ठेवायला हवा होता. कर्नाटकाने आदल्याच वर्षी २५ लाखांच्या वर १० टक्के लावला. आमच्याकडे एवढ्या किमतीची गाडी घेणारा माणूस ६ टक्क्यांनी हटत नाही. त्याला ती गाडी हवी असते, दारात दिसायला हवी असते.

याच्या शेजारी मिरजेचा रिक्षावाला ठेवा. इलेक्ट्रिक तीनचाकीला २०१८ पासून परमिट लागत नाही, कर नाही, सबसिडी होती. सगळं छान ऐकून घेतो आणि विचारतो, “बँक देती काय?” खरी अडचण तिथे आहे. पेट्रोल-सीएनजी रिक्षाला कर्ज देणारे पुष्कळ, बॅटरीच्या रिक्षाला हात आखडता, कारण तीन वर्षांनी ती ओढून आणली तर विकणार कुणाला, हे त्यांना कळत नाही. मग खासगी फायनान्स, चढं व्याज, कमी मुदत. सबसिडीने जेवढं दिलं तेवढं व्याजाने नेलं. त्या ६ टक्क्यांतून आलेल्या पैशांत या रिक्षांच्या कर्जाला हमी देता आली असती. मी अर्थमंत्री नाही, पण रिक्षावाल्याच्या कर्जाची फाइल नाकारली जाऊन परत येताना मी पाहिली आहे.

१०. टोलमाफी मुंबईची, आम्ही सांगलीचे.

मे २०२५ च्या नव्या राज्य धोरणात इलेक्ट्रिक कारना मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोल माफ. आमच्या गिऱ्हाइकाने पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असं करत सगळं भरायचं, आणि त्याच्यापुढे मुंबईला गेला तर माफी सुरू. यावर जास्त काय बोलणार.

११. एक कर विजेच्या बिलात लपलेला आहे.

तीन युनिटची स्कूटर रोज जवळपास पूर्ण चार्ज केली तर महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटं वाढतात. छोट्या घराचं बिल शंभर युनिटांच्या आत बसत असेल तर ते पुढच्या स्लॅबमध्ये जातं, तिथे दर चढा. वर विद्युत शुल्क १६ टक्के. पेट्रोलच्या मानाने हे काहीच नाही, पेट्रोल शंभरीच्या खाली उतरायला तयार नाही. पण गृहिणीला दुसऱ्या महिन्याचं बिल बघून धक्का बसतो, कारण कोटेशनमध्ये हा रकाना नव्हताच. आता मी गाडी देतानाच जुनं बिल बघायला मागते. शंभराच्या काठावर असतील तर आधीच सांगते. सेल्समनला ते आवडत नाही.

१२. जुन्या इलेक्ट्रिकचं खातं अजून कुणी उघडलेलं नाही.

वर जे लिहिलं ते सगळं नव्या गाडीचं. आमच्या जिल्ह्यात पहिली गाडी म्हणून लोक बहुतेक वेळा जुनीच घेतात, कुणाच्या तरी ओळखीतली, हात फिरलेली. २०२१-२२ मध्ये विकलेल्या चार्जिंगच्या गाड्या आता एक्स्चेंजला परत यायला लागल्या आहेत. व्यापाऱ्याने जुनी गाडी विकली तर त्याच्या नफ्यावर जीएसटी लागतो. डिसेंबर २०२४ च्या कौन्सिलमध्ये तो १२ चा १८ टक्के झाला आणि त्यात इलेक्ट्रिकही आली. नव्या इलेक्ट्रिकला ५, जुन्या इलेक्ट्रिकच्या नफ्यावर १८. लोकांनी तर तेव्हा सगळ्या किमतीवर १८ टक्के लागणार म्हणून धसका घेतला होता. तो फक्त फरकावर असतो आणि दोन घरगुती माणसांच्या आपसातल्या व्यवहाराला नसतोच, हे समजावण्यात माझे बरेच दिवस गेले.

कर एक वेळ झेपेल, बॅटरीचं काय हा सवाल मोठा आहे. परवा एक्स्चेंजला आलेली एक स्कूटर बघायला बांधकामावरचा एक मुकादम आला. रंग चांगला, टायर चांगले, किंमत त्याच्या आवाक्यात. त्याने विचारलं, “हिची बॅटरी किती उरलीय, ह्येचा सरकारी कागद मिळतो काय? पीयूसी मिळती तसा?” मी ड्रॉवर उघडून आमच्याकडे असलेले सगळे फॉर्म डोळ्यांखालून घातले. तसा फॉर्म त्यात नव्हता. तो पलीकडच्या रांगेतली पेट्रोलची बघायला गेला.